अव्वाच्या डोक्यातली माणसं

शिवमूर्ती अप्पांची आणि वंशावळीच्या सॉफ्टवेअरची पहिली गाठ पडली, तेव्हा सगळ्या लातूर शहराने श्वास रोखून धरला होता, असं त्यांच्या घरचे सांगतात. अप्पांनी आंघोळ केली, कपाळभर विभूती ओढली, धोतर नेसावं की पँट घालावी यावर अर्धा तास विचार केला आणि शेवटी इस्त्रीची पँट घातली. बायकोला, म्हणजे सिंधुताईंना, मेन स्विचखाली स्टूल टाकून बसवलं आणि आपण हात वर केला की बटण खाली ओढायचं, असं तीनदा बजावलं. कंप्युटरच्या पोटातला पंखा घरघरला, तसे अप्पा खुर्चीसकट फूटभर मागे सरकले. शेजारचं लेकरू रडायचं थांबलं. गल्लीतल्या म्हशीने रवंथ आवरता घेतला. मग पडद्यावर एक हिरवंगार झाड उगवलं आणि त्याखाली ‘आपले स्वागत आहे’ अशी अक्षरं आली. अप्पांनी झाडाला नमस्कार केला.

सिंधुताईंनी स्टुलावरून विचारलं, “ओढू का?”

कंप्युटर मुलीचा, साक्षीचा. ती नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा हा अवजड ऐवज घरीच राहिला. दिवाळीला आली तेव्हा तिनेच त्यात हे सॉफ्टवेअर टाकून दिलं. तीस दिवस वापरून बघा, आवडलं तर पुढचं पुढं बघू, म्हणाली. रोज पेनड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवा, असंही म्हणाली. अप्पांनी ते तारखेसह डायरीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की काम झालं, अशी त्यांची नोकरीपासूनची समजूत होती. उदगीरच्या बसस्थानकावर त्यांनी तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. माइकवरून गाड्या पुकारल्या, आल्या-गेल्याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या तीस वर्षांत रजिस्टरवर एकदाही लाल शाईचा शेरा येऊ दिला नाही. हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

अप्पांना या झाडाची घाई होती, आणि तिला कारण होतं. निलंग्यापासून पार कर्नाटकातल्या भालकीपर्यंत पसरलेलं त्यांचं सगळं खानदान आजवर एकाच ठिकाणी नोंदलेलं होतं, ते म्हणजे त्यांच्या आईच्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या कस्तुराबाईंच्या, घरातल्या सगळ्यांच्या अव्वाच्या, डोक्यात. कोण कुणाची, कुणाला कुठं दिली, कोण लहानपणीच गेलं, हे सगळं अव्वालाच ठाऊक. आणि श्रावणापासून अव्वाचं डोकं गळायला लागलं होतं. एकदा तिने सिंधुताईंना वारलेल्या जावेच्या नावाने हाक मारून चहा मागितला. सिंधुताईंनी चहा दिला. अप्पांचा चहा मात्र त्या दिवशी कपातच निवला.

तेव्हापासून रोज दुपारी अव्वा शाल गुंडाळून बाजेवर, अप्पा कंप्युटरपुढे आणि मध्ये सिंधुताई शेंगा सोलत, असं कामकाज सुरू झालं. काम कंटाळवाणं होतं. अप्पा एका बोटाने टाइप करत आणि ते बोटही दर अक्षराला घरदार शोधत फिरे. अव्वा माणसं नावाने सांगतच नसे. ‘जिच्या लग्नात पोळ्या कमी पडल्या ती’ म्हणे, ‘विहिरीवर पैंजण हरवलेली’ म्हणे. त्यातून सासऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलेलं नव्हतं. ते होतं महादेवप्पा. आणि आजोबाचं नाव नातवाला, पणजोबाचं पणतूला, ही त्यांच्याकडची रीत, त्यामुळे चार घरांत चार महादेवप्पा. अव्वा त्या सगळ्यांना ‘मोठं नाव’ म्हणे. औरादचं मोठं नाव, चष्म्याचं मोठं नाव. एका माणसाचा पत्ता लागायला अप्पांना कधीकधी अख्खी दुपार लागे. संध्याकाळी पाठ भरून येई आणि डोळ्यांपुढे फांद्या नाचत.

तिसऱ्या दिवशी झाड लाल झालं.

झालं असं की अव्वाचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं होतं. त्या पट्ट्यात बहिणीची लेक भावाने करून घेणं यात कुणाला काही वाटत नाही. उलट पोरगी घरच्या घरात राहते. पण सॉफ्टवेअर होतं परमुलखातलं. अव्वाला महादेवप्पांच्या लेकीची लेक म्हणून लिहिलं, मग त्यांचीच सून म्हणून लिहिलं, तेव्हा त्याने लाल चौकट काढून बजावलं की ही व्यक्ती आधीच या कुटुंबात आहे, कृपया माहिती तपासा. अप्पांची कानशिलं तापली. निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी शेरा.

“लाल कशानं झालं रे?” अव्वाने विचारलं.

“अव्वा, तू दोन ठिकाणी हायस म्हणून. तसं चालत न्हाई म्हणायलंय हे.”

“दोनी ठिकाणी मीच हाय की. आजीच सासू झाली माझी. लई बोलायला लागली की मी तिला आजी म्हणून हाक मारायची. मग गप बसायची.”

हे कंप्युटरला सांगायची सोय नव्हती. अप्पांनी मग एक युक्ती काढली. अव्वाच्या दोन कस्तुराबाई केल्या, एक माहेरची, एक सासरची, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. लाल गेलं. ही युक्ती इतकी लागू पडली की मामाकडे दिलेल्या अकराच्या अकरा बायका अप्पांनी अशाच दुहेरी करून टाकल्या. मनात मात्र खुपत राहिलं. एक गाडी दोनदा नोंदवायची नाही, हा नोकरीतला पहिला धडा.

सव्विसाव्या दुपारी एकशे एकोणचाळीस नावं झाली होती. अव्वा आता दोन नावं सांगून डोळे मिटत होती. तेवढ्यात सॉफ्टवेअरनेच आपणहून विचारलं, सारख्या नावाच्या व्यक्ती आढळल्या आहेत, सर्व एकत्र करायच्या का? अप्पांना वाटलं, आलं शेवटी याच्या ध्यानात; अव्वाच्या दोन अव्वा झाल्यात, त्या हे एक करून देतंय. इतक्या दिवसांत आपल्याला समजून घेणारं कुणी भेटलं, अशा थकल्या समाधानाने त्यांनी ‘हो’ दाबलं, आणि नोंद झाली की लगेच पक्की करायची सवय असल्यामुळे ‘जतन करा’ही दाबलं. मग चष्मा पुसून झाडाकडे पाहिलं.

अव्वा एक झाली होती. पण चार महादेवप्पाही एक झाले होते. हा एकटा महादेवप्पा स्वतःचाच पणतू होता, १९६१ साली वारला होता आणि सध्या लातुरात बारावीचा क्लास करत होता. तीन शरणप्पांचा एक झाला होता, पाच गुरुबाईंची एक, आणि त्यांच्या खालची लेकरं कुठल्याच फांदीला बसेनात म्हणून सॉफ्टवेअरने काढून टाकली होती. खाली आकडा होता एकसष्ट.

सिंधुताई शेंगांनी भरलेलं सूप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “आवो, आजेसासरे बारावीला हायत म्हंजे आता डबा मीच करायचा का?”

अप्पा हसले नाहीत. त्यांनी साक्षीला फोन लावला. तिने पेनड्राइव्हबद्दल विचारलं. अप्पांनी डायरीतली तारीख वाचून दाखवली. ती म्हणाली, असू द्या अप्पा, अजून चार दिवस आहेत, अव्वाला पुन्हा विचारा.

दुसऱ्या दिवशी अप्पा खुर्ची ओढून बाजेला लागून बसले. पहिल्यापासून सुरुवात करायची होती. औरादच्या आत्याला लेकरं किती, असं त्यांनी विचारलं. अव्वा भिंतीकडे पाहत राहिली. मग त्यांनी पोळ्या कमी पडलेल्या लग्नाचं विचारलं. पैंजणाचं विचारलं. अव्वाने त्यांच्याकडे जरा वैतागून पाहिलं.

“सांगितलं की रे तुला. तू लिहून घेतलास न्हवं?”

“घेतलं होतं, अव्वा.”

“मग? तू लिहून घेतलास म्हणून मी सोडलं ते.”

आणि कूस बदलून ती झोपली. अप्पांनी पुढचे तीन दिवसही विचारून पाहिलं, सकाळी, जेवणानंतर, एकदा मोसंबी सोलून देता देता. ती फोडी खात राहिली.

जानेवारीत साक्षीने ते सॉफ्टवेअर कायमचं विकत घेतलं. झाडावर आजही एकसष्टच नावं आहेत.