हात काढा, अप्पा

चिटगुप्प्याच्या बाजारात मी ज्यांच्याकडे केस कापून घेतो, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून ते लहान पोरांना बसवतात. बापानं पोराचं डोकं दाबून धरलं, की कात्री खाली ठेवतात. "हात काढा, अप्पा. हलू द्या त्याला. मला घाई न्हाई." मग बापालाच चहाला पिटाळतात.

एकदा दुकानातल्या टीव्हीवर सिनेमा लागला होता. घरच्यांनीच छळलेल्या एका पोराची खरी कहाणी, असं पडद्यावर आधीच सांगितलं होतं. बघता बघता अण्णांची कात्री माझ्या कानाजवळ थांबली.

"सर, माझ्या काकानं बी मला..."

बाकावर नंबरासाठी बसलेले एक मास्तर हसले. "अण्णा, कामून मनाला लावून घ्यायलाव? ज्या पुस्तकावरून हे काढलंय, ते बनावट निघालंय. लिहिणाऱ्यानं स्वतःचं बालपणच खोटं रचलं होतं."

"व्हय का," म्हणत अण्णांनी कात्री चालू केली.

पुढच्या खेपेला दुकानात आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "त्या दिवशी काकाचं काय सांगत होतात?"

अण्णा माझ्या मानेवरचे केस झटकत राहिले.

"काई न्हाई, सर. ते खोटं निघालं की."