बापलेकीचे निरोप

लग्न होऊन मी हुबळीत आले तेव्हा माझी धाकटी नणंद धारवाडला कॉलेजात जात होती. पुढे ती इतिहासाची प्राध्यापक झाली. राजेराण्यांचा इतिहास नव्हे. बाजार कसा वाढला, माल घ्यायला आलेली माणसं कुठे उतरत, काय जेवत, नुसतं गाव बघायला येणारे कधीपासून आले, असलं ती शोधायची. जुन्या लॉजवाल्यांना, खानावळवाल्यांना भेटायला निघाली की माझ्याकडून दहीबुत्तीचा, कालवलेल्या दहीभाताचा, डबा मागून घ्यायची.

"खानावळीत चाललीस आणि डबा कशाला गं?"

"तिथं जेवले तर झोप येते, वहिनी. प्रश्न सुचत नाहीत."

माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, हे पटायचं नाही. आमचं कापडाचं दुकान. "लॉजात झोपायला भाडं लागतं, डिग्री कशाला?" असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. पण तिचा फोटो आलेला पेपर रद्दीत घालू द्यायचे नाहीत.

तिचं पुस्तक छापायला जायचं होतं. एका रविवारी मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याशी उभी राहून मला त्यातलं वाचून दाखवत होती. त्यात आमच्या घराचंही होतं. कापडाच्या आधी माझे आजेसासरे स्टेशनवर उतारूंना चहा विकायचे. तिला हे अळणावरच्या आत्यांनी, अप्पांच्या बहिणीनं, सांगितलं होतं. अप्पा दारात येऊन उभे राहिले.

"हे छापणार?"

"हो."

त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनात. आम्हाला वाटलं, चहा विकल्याची लाज वाटली.

ती धारवाडला केलगेरीत राहायची, तरी दर रविवारी यायचीच. दोघं एका खोलीत बसायची आणि मधे मी.

"तिला विचार, जेवणार का."

"सांग वहिनी, जेवूनच जाणार."

"म्हणावं, वांगं तिखट झालंय."

"मला ऐकू येतं म्हणावं."

मी चारचौघांत तोंड न उघडणारी. त्या वर्षी बोलले तेवढं जन्मात बोलले नव्हते. निघताना जिन्यात तिचे डोळे भरायचे. "काढून टाकू का गं ते पान? अप्पा बोलणारच नसतील तर पुस्तक घेऊन काय करू?" मी म्हणायचे, थांब थोडी.

पुस्तक निघालं, पान तसंच राहिलं. धारवाडला तिचं भाषण ठेवलं होतं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. ती आपल्या आजोबांचं सांगू लागली. चहा म्हणाली, आणि अप्पा ताडकन उठले.

"चहा नव्हे! दूध. आटवलेलं, वेलची घालून. चरवी अजून माळ्यावर आहे."

सगळे मागे वळून बघू लागले. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

ती माइकवरूनच म्हणाली, "मग मला सांगितलं का नाहीत, अप्पा?"

"तू विचारलंस कुठे? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून आलीस. आत्याला विचारायला अळणावरला गेलीस. मी घरातच होतो की!"

लोक हसले. ती हसली नाही. खाली उतरून आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "आता सांगा," म्हणाली. भाषण तिथंच राहिलं.

आता रविवारी ती आली की दोघांचं चालू होतं ते संध्याकाळपर्यंत. ती विचारते, ते सांगतात, मधेच भांडतात. मला कोणी काही सांगायला सांगत नाही. मी चरवी चिंचेनं घासून त्यांच्यासमोर ठेवते आणि भाकरीकडे वळते.