गिरणी चालूच राहिली

आजही दळणाच्या डब्यात हात घातला आणि पीठ गरम लागलं की मला तो नट आठवतो.

मी लग्न होऊन पडेगावात आले, त्याच वर्षी तिथं सिनेमाचं शूटिंग होतं. लाईट सकाळी यायची आणि दुपारी जायची, म्हणून गिरणीत बायांची ही रांग. माझा नंबर आला आणि तो दारात येऊन उभा राहिला. माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून ज्याचा फोटो चिकटवलेला होता, तोच. जवारीच्या पिठाच्या वासात त्याच्या अत्तराचा वास मिसळला.

"गिरणीच्या आवाजानं आमचं काम अडलंय," तो हसून म्हणाला. "तासभर बंद ठेवता का?"

गिरणीवाल्या चाचांचा हात लगेच बटणाकडं गेला.

"चाचा, राहू द्या," मी म्हणाले. सासरी तोवर माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मग त्याच्याकडं वळले. "तासाभरात लाईट जाईल. घरात भाकरीला पीठ नाय. तुमचं शूटिंग उद्या करा."

डबा उचलून मी गिरणीत जवारी ओतली. चालू गिरणीतून पीठ उडालं आणि त्याच्या काळ्या कोटावर, मिशीवर बसलं. तो तसाच पांढरा होऊन निघून गेला.

नात म्हणते, "आजी, एवढा मोठा हिरो भेटला, सही तरी मागायची."

मी कशाला मागू? मागायला तो आला होता. मी दिलं नाही.