सगळ्यात शेवटचा सत्कार

माझ्या अरंगेत्रमची पत्रिका पप्पांनी लग्नपत्रिकेसारखी छापली. वर देवीचा फोटो, खाली भावकीतल्या झाडून सगळ्यांची नावं आणि तळाला ‘जेवूनच जावे’. अरंगेत्रम म्हणजे भरतनाट्यम शिकलेल्या मुलीचा एकटीचा पहिला कार्यक्रम. गावात हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं, पण जेवण आहे म्हटल्यावर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या बाजूनं टेम्पो भरभरून माणसं सांगलीच्या नाट्यगृहात उतरली. पप्पा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. फेटा बांधून दारात उभे राहून ते ‘या, या’ करत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

सांगलीत अशासाठी, की आमच्या मॅडम तिथल्या. शनिवार-रविवार साताऱ्याला येऊन त्या क्लास घ्यायच्या. पाचवीपासून मी त्यांच्याकडं. कडक बाई, चुकलं की तालाची काठी सरळ पायावर बसायची. पण शिकवायच्या जीव तोडून, आणि त्यांनी एकदा ‘बरं झालं’ म्हटलं की मी दोन दिवस हवेत असायची.

कार्यक्रमाच्या शेवटी गुरू माईकवर दोन शब्द बोलते. ‘ही आता शिकवू शकते’ असं तिनं म्हटलं, की मुलगी क्लास काढायला मोकळी. पप्पांनी मला आधीच बजावलं होतं, “मॅडम तसं म्हणाल्या, तर साताऱ्यात क्लास काढून देतो. न्हाई म्हणाल्या, तर कवठे महांकाळचं स्थळ आलंय, गप लग्नाला उभं ऱ्हायाचं.” मी बिनधास्त होते. मॅडमच तर आठवड्यापूर्वी म्हणाल्या होत्या, “क्लासचा बोर्ड रंगवायला टाकलास का गं?”

आमच्याकडं सत्काराशिवाय पान हलत नाही. नाचाच्या आधी पप्पांनी सत्कार काढले. पुढारी, सरपंच, माजी सैनिकांचे अध्यक्ष, आत्याचे सासरे, टेम्पोवाले, मंडपवाले. शाल, नारळ, फेटा, फोटो. मॅडम स्टेजच्या कडेला मांडीवर झांजा घेऊन बसल्या होत्या, शेजारी गायक आणि मृदंगवाले घड्याळ बघत होते. आचाऱ्याला फेटा बांधला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. विंगेतून मी मॅडमचं तोंड पाहिलं, त्या हसत नव्हत्या. आचाऱ्याच्याही नंतर, सगळ्यात शेवटी, पप्पांनी त्यांना बोलावलं.

पप्पांच्या डोक्यात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे. आमच्यात पाहुण्यांची पंगत आधी बसते, घरची माणसं मागून जेवतात. मॅडम त्यांच्या लेखी घरच्या. त्यांच्यासाठी आणलेली पैठणी साताऱ्यातली दुकानं पालथी घालून निवडली होती. पण हे तोंडानं सांगावं लागतं, हे त्या शहाण्या माणसाला सुचलं नाही. मॅडमनी पैठणी बघितलीसुद्धा नाही, खुर्चीवर टाकली आणि झांजा उचलल्या.

पहिले नाच नीट झाले. मग आलं वर्णम, सगळ्यात लांब आणि अवघड, सगळी परीक्षा त्यातच. गुरूची झांज जशी वाजेल तसे पाय पडायला हवेत, त्यात नाचणारीचं काही चालत नाही. आणि मॅडमनी लय वाढवली. आम्ही बसवली होती त्यापेक्षा कितीतरी जलद. मी त्यांच्याकडं बघितलं, त्या झांजेकडं बघत होत्या. मी धावले, मग पुरी पडेना, आणि सम चुकली. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“पुन्हा,” त्या माईकवर म्हणाल्या.

पुन्हा, आणखी जलद. पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी पाय अडकून मी गुडघ्यांवर आपटले. थिएटर टाळ्यांनी दणाणलं! त्यांना वाटलं, नाच असाच असतो. “आगं बया, लय भारी!” असं कुणीतरी ओरडलं. मी खाली बसून त्या टाळ्या ऐकत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मग मॅडम माईकशी उभ्या राहिल्या. आवाज अगदी गोड. “मान कुणाला द्यायचा, हे सुभेदारांना चांगलं कळतं. मुलीला मात्र ताल कळत नाही, आत्ता तुम्ही पाहिलंतच. हिनं कुणाला शिकवू नये, एवढीच माझी विनंती.”

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

मेकअपच्या खोलीत पप्पा आले. “ऐकलंस न्हवं?” एवढंच म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी सगळं त्यांच्या तोंडावर फेकलं, “आचाऱ्याच्याही मागून सत्कार केलात तुम्ही त्यांचा! त्याचं उट्टं काढलं त्यांनी माझ्यावर!” त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. फेटा तिथंच ठेवून ते पळतच बाहेर गेले, मागून मी, घुंगरं न काढताच.

मॅडम गाडीत बसत होत्या. सगळ्या भावकीदेखत पप्पा त्यांच्या पायाशी वाकले. “आवं मॅडम, तुमी घरच्या, म्हणून शेवटी ठिवलं. चुकलं माझं. पोरीला ताल खरंच कळत न्हाई का?”

मॅडमनी पाय आत घेतले. “कळतो की. तिच्याइतकी तयार मुलगी माझ्याकडे दुसरी नाही.”

पप्पांनी हात जोडले. “मग तेवढं माईकवर म्हणा. मानसं अजून जेवत्यात.”

“माईक बंद झाला, सुभेदार,” असं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

गाडी गेली तरी पप्पा तिथंच उभे. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “सगळ्या गावानं ऐकलंय. तुझ्याकडं पोरी कोण धाडणार?” मार्गशीर्षात माझं लग्न झालं.