शेततळ्याच्या काठावरचं गाडगं

सातवीत असताना आम्हाला खजिना सापडला होता, असं सांगितलं की लोक हसतात. इतकी वर्षं झाली, मलाही हसू यायला हवं. पण मला अजून रागच येतो.

आम्ही तिघं होतो. मी, शेजारच्या घरातला माझा मित्र, आणि मुदखेडहून आमच्या रेणापूरजवळच्या गावात मामाकडे शिकायला आलेली एक मैत्रीण. मित्र बोलताना अडखळायचा. वर्गातला एक दांडगा मुलगा, ज्याचे वडील शाळेच्या समितीवर होते, मधल्या सुट्टीत त्याला गाठायचा. "बोल की, बापाचं नाव सांग," म्हणायचा, आणि तो अडला की बाकीच्या पोरांना मोठ्यानं आकडे मोजायला लावायचा. मी दरवेळी मध्ये पडायचे आणि मित्राचं वाक्य मीच पुरं करून टाकायचे. त्यापायी दोनदा मारही खाल्ला.

हरभरा काढायच्या दिवसांत मैत्रिणीच्या मामांनी शेततळं खोदायला घेतलं. जेसीबीनं उपसलेल्या मातीत मित्राला एक हिरवट चकती सापडली. चिंचेनं घासल्यावर तिच्यावर उर्दू अक्षरं दिसली. "निजामाच्या वक्ताचा पैसा असंल," मामा म्हणाले आणि कामाला लागले. आमचं मात्र शाळेत लक्ष लागेना.

शाळा सुटली की आम्ही खुरपी घेऊन तिथं जायचो. पाच दिवसांत खापऱ्या, काचेच्या बांगडीचा तुकडा आणि बैलाचा एक दात एवढंच मिळालं. मैत्रीण कंटाळली. मित्र मात्र ढिगारा सोडून खड्ड्याच्या काठाकडे बघत बसायला लागला होता. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "इथली मा-माती बघ. काळी न्हाई, राखेसारखी हाय." तिथं हातभर आत खुरपं एका गाडग्याला लागलं. आत दीड मूठ नाणी होती.

"आधी मामाला दाखवू," मैत्रीण म्हणाली. आम्ही बांधापर्यंत पोचलो, तर तो दांडगा मुलगा दोन पोरांना घेऊन उभा. दोन दिवस तो आमच्यावर नजर ठेवून होता.

"काय करायलात रे?" म्हणत त्यानं गाडग्याला हात घातला. मित्रानं सोडलं नाही. ओढाताणीत गाडगं फुटलं. दांडग्या मुलानं नाणी वेचून दप्तरात भरली आणि जाता जाता मित्राला म्हणाला, "जा, सांग कुणालाबी. सांगता येतंय का बघ."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मुख्याध्यापकांनी त्या दांडग्या मुलालाच पुढं बोलावलं. नाणी शाळेत जमा करणारा जागरूक विद्यार्थी म्हणून टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आला. आम्ही तिघं ऑफिसात गेलो. मित्रानं "स-सर, ग-गाडगं" एवढं म्हणेपर्यंत सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मीच सगळं सांगितलं. सर म्हणाले, "आता कशाला वाद? नाव शाळेचंच झालं ना." मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, नाणी सरकारातच जाणार, कुणी का देईना. ओरडून सांगावं तर ऐकायला कुणी नाही.

चार दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आले. त्यांच्याबरोबर पुरातत्त्व खात्याच्या एक मॅडम होत्या. वडिलांबरोबर आलेल्या दांडग्या मुलानं मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "किती खोल होतं?" मॅडमनी विचारलं. तो वडिलांकडे बघायला लागला.

मित्र पुढं झाला. "त-त-"

"तिथं नाही मॅडम, त्या काठाला," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. "तू ग-गप बस."

मग त्यानं सगळं स्वतः सांगितलं. फार वेळ लागला. मॅडमनी एकदाही त्याला पुढचा शब्द सुचवला नाही. तो खड्ड्यात उतरला, राखेचा थर दाखवला, खुरपं कुठं लागलं ते दाखवलं. फुटक्या गाडग्याचे तुकडे अजून बांधावर पडले होते, तेही दाखवले. मॅडमनी वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

एवढंच झालं. पेपरानं काही छापलं नाही, सरांनी परिपाठाला काही सांगितलं नाही. तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला. दांडगा मुलगा पूर्वीसारखाच आमच्या मागच्या बाकावर बसत राहिला.

मित्र माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "त्यो लई वाईट हाय. पर त्यो बो-बोल तरी म्हणतो. तू बोलूच देत न्हाईस."

मला त्याचा भयंकर राग आला. दोन वर्षं कुणासाठी भांडले मी? मी तशीच घरी आले आणि जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला बाईंनी त्याला उभं केलं. उत्तर मला येत होतं. तो पहिल्याच शब्दाला अडला, आणि मागून आकडे मोजायला सुरुवात झाली. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले. आकडे वीसच्या पुढं गेले, तरी तो खाली बसला नाही.