एक अंगठा, एक खोली

मंदी आली हे आम्हाला काळाचौकीत पत्र्यांवरून कळलं. आमच्या चाळीची मागची बाजू पाडून झाली होती, पुढची, म्हणजे आमची, पाडायची राहिली होती, आणि मध्ये बिल्डरने निळे पत्रे ठोकले होते. एके दिवशी पत्र्यांमागचा खडखडाट थांबला. आधी क्रेन गेली, मग वॉचमन गेला. "बाजार बसलाय," असं सांगून बिल्डरचा माणूसही जो गेला तो पुन्हा दिसला नाही. मागच्या बाजूची कुटुंबं कुठे कुठे भाड्याने राहत होती, आणि आम्ही उरलेल्या अर्ध्या चाळीत.

मग शहराचे कारभारी मदतीला धावले. खोटं कशाला बोलू, खरंच धावले. मंदीत घरबांधणीला आणि वस्त्यांना आधार द्यायचा असं वर कुठेतरी ठरलं आणि आधाराचे वाटे पडले. बिल्डरला सवलत मिळाली, मुदत मिळाली, आणि मुदत संपल्यावर मुदतवाढ मिळाली. वस्तीच्या वाट्याला रंग आला. चार दिवस खपून पोरापोरींनी त्या पत्र्यांवर कोळीण काढली, डबेवाला काढला, आणि धूर सोडणारी गिरणीची चिमणी काढली. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ब्रश घेऊन कोणी आलेलं मला आठवत नाही. पत्र्यांसमोर दोन बाक बसवले, तेही पत्र्यांकडे तोंड करून, म्हणजे आपल्या न झालेल्या घराकडे माणसाला निवांत बघत बसता यावं. उद्घाटनाला नारळ फुटला. खोबरं खवट होतं, तरी मी खाल्लं.

रहिवाशांच्या वाट्याला आलं सर्वेक्षण. जुना बिल्डर उठला नाही तर नवा आणायचा, आणि नव्याला म्हणे ताजी यादी लागते. यादीत नाव असेल त्याला नव्या इमारतीत घर, नसेल त्याला रस्ता मोकळा. माझी आई लग्न होऊन या खोलीत आली ती सत्तरी ओलांडून इथेच आहे. मी लग्नानंतर भांडुपला गेले, वडील गेले, आणि खोली तिच्या एकटीच्या नावावर राहिली. तिच्याजवळ दुसरं काहीही नाही.

आता सर्वेक्षण कधी करावं? वर्षात इतके दिवस असतात. पण शिमग्यात, अर्धी काळाचौकी कोकणात असताना, काळाचौकीत कोण राहतं हे मोजायचं, याला अक्कल नाही, प्रतिभा लागते. आदल्या दिवशी गेटवर कागद चिकटवला. तो वाचायला गेटजवळ कोणी नव्हतं. सगळे गावी पालखीची वाट बघत होते.

आईला घेऊन मीही संगमेश्वरकडे आमच्या गावी गेले होते. पालखी घरी येते त्या दिवशी गावचं दार उघडं हवं, हे तर आहेच. पण आईचा आणखी एक हट्ट आहे. त्याच दिवशी मुंबईच्या खोलीतही दिवा लागायला हवा. देव इथे आला आणि तिथे अंधार, हे तिला चालत नाही. म्हणून किल्ली समोरच्या खोलीतल्या मावशीकडे. मावशी मालवणकडची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघ्यांमुळे गावी जाणं बंद झालेलं. दर शिमग्याला ती आपल्या खोलीला कुलूप घालते, आमची उघडते, केर काढते, दिवा लावते आणि तो विझेपर्यंत आत बसून राहते. यंदाही बसली होती. तेवढ्यात सर्वेक्षणाची दोन माणसं अंगठ्याचं यंत्र घेऊन आली.

आम्ही परतल्यावर तिनेच सगळं सांगितलं, मोठा पराक्रम केल्यासारखं. "घरमालक खंय म्हणान इचारल्यानी. गावाक गेली म्हटलंय. तर बंद घर लिवक लागले! मगे मी आंगठो दिलंय. म्हटलंय, बंद कशाक लिवतास, मी आसंय मां हंय!"

त्या दोघांना पुढच्या मजल्यावर जायची घाई होती. त्यांनी आमच्या दारात मावशीचा फोटो काढला आणि आमच्या खोलीची रहिवासी म्हणून तिची नोंद केली. मग मावशी लंगडत समोर गेली, आपलं कुलूप काढलं आणि पुन्हा अंगठा पुढे केला. यंत्राने घेतला नाही. एक अंगठा, एक खोली. मावशीची खोली 'बंद' म्हणून लागली. चाळीस वर्षं जी बाई त्या खोलीतून हलली नाही तिला शहराने बेपत्ता ठरवलं, आणि तेही ती समोर उभी असताना.

मी कचेरीत गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. दमलेले होते. त्यांनी आक्षेपाचा छापील फॉर्म दिला आणि मार्गही सांगितला. "मॅडम, सोपं आहे. त्या बाईंनी तुमच्या गैरहजेरीत खोलीचा बेकायदा ताबा घेतला असं लिहा. त्यांची नोंद उडेल, तुमच्या आईची लागेल."

"आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीचं?"

"एकदा घुसखोर ठरल्यावर पात्र कशा होतील?"

चूक यंत्राची झाली असं लिहायची सोय आहे का, असं मी विचारलं. तसा रकाना नव्हता. शेजारीण असाही रकाना नव्हता. मालक, भाडेकरू, घुसखोर. माणसं आणखी कोणत्या नात्याने एकमेकांच्या घरात बसतात, हे फॉर्म छापणाऱ्याला ठाऊक नसावं.

मी फार विचार केला असं सांगायला मला आवडेल. मी केला नाही. संध्याकाळी मावशीकडे जाऊन मी तिचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव आणि वय विचारून घेतलं. तिने चहा टाकला. आधारकार्ड डब्यातून काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बरा झाला बाय तू आसंस. माका ह्यातला काय कळता?" मी चहा प्यायले. मग भांडुपला जाऊन तिच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात 'घुसखोर' लिहिलं. मी मनाशी म्हणत होते, कागदच तर आहे. आईची खोली वाचली की मावशीचं पुढे बघू. पुढे मी काय बघणार होते, देव जाणे.

सुनावणीला मावशीही आली, कोणी बोलावलं नसताना, पाण्याची बाटली घेऊन. आत फक्त अर्जदार आणि सोबत एकजण, म्हणून तिला बाहेर बाकावर बसवलं. आत साहेबांनी आईपुढे पेन ठेवलं. आई चौथी शिकलेली आहे, सही करते. पण तिने पेन उचललं नाही.

"वाच," ती मला म्हणाली.

मी भराभर वाचलं. ती एक ओळ गाळली. आई कागदावरच बघत होती. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे राहिलं."

मी वाचलं.

"घुसखोर कोण?"

"आई, ते फक्त लिहायचं असतं. नाहीतर तुझी खोली जाईल. कळतंय का तुला?" माझा आवाज चढला होता. मला राग आला होता, आणि तो कोणाचा हे मला चांगलं ठाऊक होतं.

आईने कागद उलटा केला आणि साहेबांकडे सरकवला. "तुम्हीच लिहा. मी गावी गेले, किल्ली मी दिली, दिवा लावायला मी सांगितलं. ही खोली माझी, समोरची तिची."

"आजी, यासाठी रकाना नाही हो."

"मागे कोरं आहे की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मुकाट्याने लिहिलं. आईने सही केली. घुसखोराची ओळ त्यांनी तिच्यासमोर खोडली, आणि खाली शिक्का मारला. दोन्ही खोल्या, निर्णय प्रलंबित. मिळत असलेलं घर आईने तिथल्या तिथे टांगणीला लावलं आणि पदर सावरून उठली.

जिना उतरताना मावशीने माझा हात धरला. तिला गुडघ्यांमुळे आधार लागतो. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "माझ्या खोलयेचो फॉर्म पण दिलंस मां गो?"

पुढे उतरणारी आई मागे न बघता म्हणाली, "दिला. दोघींचा एकच आहे."