गंगेची ओटी

मादन हिप्परग्याकडच्या एका गावात घरोघरी नळ बसले, तेव्हा मी सीमाभागातल्या आळंद तालुक्याची बातमीदारी करत होतो. त्या गावातली एकटी राहणारी एक म्हातारी मला आठवते. गुडघ्यांमुळे तिला ओढ्याकाठच्या विहिरीत उतरणं जमेना. दारात पाणी आलं नाही, तर नौबादला मुलीकडे जावं लागणार होतं. जावयाच्या घरी तिला राहायचं नव्हतं.

सरकारी नळयोजनेच्या तपासणीच्या दिवशी तिच्या तोटीला पाणी आलं. आमच्याकडे नवं पाणी आलं की आधी त्याची पूजा करतात. तिने हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने गंगेची ओटी भरली. ठेकेदाराच्या माणसाने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तोटी कोरडी. पाइप टाकीला जोडलेलाच नव्हता. गावाबाहेरच्या उघड्या टोकातून टँकरचं पाणी सोडलं होतं. हे साऱ्या गावाने पाहिलं होतं. तक्रार तिने एकटीने केली.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत झाली. बाजारापुरतं कन्नड तिला येत होतं, कचेरीचं कळत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसलो. अधिकाऱ्याने तोच फोटो समोर ठेवला. पाणी आलं नव्हतं तर पूजा कशाची केली, असं विचारलं. टँकरच्या पाण्याची, असं ती म्हणाली. मग ठेकेदाराच्या सांगण्यावरून खोटी पूजा केली असं लिहून द्या, चौकशी लावतो, असं तो शांतपणे म्हणाला.

मी तिला ते समजावलं. ती मला म्हणाली,

"गंगामाईची वटी भरली म्या, अण्णा. ती खोटी व्हती म्हनून कसं लिहून देऊ?"

बाहेर सोबत आलेली शेजारीण चिडली. "बस आता, अक्का. गंगामाईच घागर घिऊन यायलीय तुझ्या दारी."

तक्रार निकाली निघाली. कागदावर योजना पूर्ण झाली. उन्हाळ्यात विहीर आटली आणि गावाने टँकर मागितला. घरोघरी नळ असलेल्या गावाला टँकर देता येत नाही, असं उत्तर आलं. मी ते छापलं. त्याने काही झालं नाही. ठेकेदाराला शेजारच्या गावाचं काम मिळालं.

पुन्हा गेलो तेव्हा तिच्या दाराला कुलूप होतं. जावई गाडी घेऊन आला होता, असं शेजारणीने सांगितलं.